पॅरिसच्या ऑपेरातला डाव

चि. मुक्तास,



बुद्धिबळात ओपनिंग शिकायचे म्हणजे नावे आणि खेळ्या पाठ करायच्या, असा सर्रास समज आहे. पाठांतर लागते, पण फार पुढे. पहिल्या दहा-बारा खेळ्यांत पाहायचे ते एवढेच: मध्यावर ताबा कोणाचा, मोहरे किती बाहेर आले आणि राजाचे कॅसलिंग झाले की नाही. ई४, डी४, ई५, डी५ ही मधली चार घरे. मध्यावरच्या घोड्याचा आठ घरांवर मारा असतो, तर पटाच्या कडेला तो चारावर येतो. एफ७ चे प्यादे सुरुवातीला एकट्या राजाच्या जोरावर असते. म्हणून पांढऱ्याचा उंट सी४ वर आला की रोख तिकडेच.

हे सारे एकाच डावात पाहायचे तर १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात झालेला डाव घ्यावा. पांढऱ्याकडून अमेरिकेचा पॉल मॉर्फी, वय २१. समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर, दोघे सल्लामसलत करून खेळणारे. काळ्याने फिलिडोर बचाव घेतला आणि तिसऱ्याच खेळीला उंट जी४ वर आणला. प्यादे वाचवण्यासाठी पुढे तो घोड्यावर द्यावा लागला. बाहेर आलेला एकुलता एक मोहरा गेला आणि पांढऱ्याचा वजीर मात्र आयता एफ३ वर आला.

सातव्या खेळीला मॉर्फीने तोच वजीर बी३ वर नेला. एकच मोहरा दोनदा हलवू नये हा नियम मोडला खरा, पण एफ७ आणि बी७ दोन्हीवर एकदम मारा झाला. नियम मोडायला इतके सबळ कारण हवे. काळ्याने वजीर ई७ वर घेऊन एफ७ सावरले, त्यात स्वतःच्याच उंटाची वाट अडवली. बी७ चे प्यादे आता फुकट मिळत होते. ते घेतल्यास काळा बी४ वर शह देऊन वजिरावजिरी करणार आणि सुटणार. मॉर्फीने प्यादे सोडले, घोडा सी३ वर काढला. डावातली सर्वांत शिकण्याजोगी खेळी हीच; नंतरच्या बलिदानांचे कौतुक जरा जास्तच होते.

दहाव्या खेळीला घोडा, तेराव्याला हत्ती, सोळाव्याला वजीर देऊन सतराव्या खेळीला मात झाली. काळ्याचा राजा ई८ वरच सापडला. त्याच्या शेजारचा एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती अखेरपर्यंत जागचे हलले नव्हते.

फ्रेंच, सिसिलियन या बचावांच्या शाखा पाठ करायला घेण्याआधी हा डाव पट मांडून खेळावा आणि दर खेळीला दोन्ही बाजूंचे बाहेर आलेले मोहरे मोजावेत.

तुझा,
मामा