मुक्कामाची विद्या

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, पलीकडे उतरलं की सातारा, आणि कराड मागे टाकून वारणेकडे वळलं की शिराळा तालुक्यातलं पुनवत. हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांचं हे गाव. सह्याद्रीच्या उगवतीच्या अंगाला पुनवत, मावळतीच्या अंगाला महाड-पोलादपूर. मग पैलवान तिकडेच का घडले? ठरलेलं उत्तर असं, की कोकणात पाऊस फार, जेवायला भात, दुभतं कमी. अशात खुराक कुठला आणि मेहनत कसली! हे उत्तर मला पटत नाही. शिराळ्याच्या पश्चिम भागातही पाऊस कोसळतो आणि भात पिकतो. शिवाय अंगातली रग इकडे कधीच कमी नव्हती. तानाजींचं उमरठ पोलादपुरात आणि मुरारबाजींचं किंजळोली महाडात, एवढं म्हटलं तरी पुरे. तालमीतल्या देवाचंच म्हणाल, तर गावोगाव मारुती उभे करणाऱ्या समर्थांची शिवथरघळही महाडचीच. मारुती इथे मुक्कामाला राहिला. वस्ताद राहिला नाही. माझ्या मते खरा फरक इथेच आहे.

आंदळकरांची कारकीर्द सांगताना लोक बिरुदांपाशी थांबतात. १९६० साली हिंदकेसरी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य, १९६४ साली टोकियो ऑलिंपिक आणि अर्जुन पुरस्कार. हे सगळं मोठंच. पण हा झाला त्यांच्या आयुष्याचा लहानसा तुकडा. लंगोट उतरवल्यावर पुढची कितीतरी दशकं ते कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून राहिले, २०१८ साली त्यांचं निधन झालं, आणि त्यांचा खरा वारसा या दुसऱ्या डावात आहे. कुठल्या पोराची जोड कुणाशी लावायची, दुखऱ्या खांद्याला किती दिवस विश्रांती द्यायची, फडात कधी उतरवायचं आणि कधी हात धरून मागे ओढायचं, ही अक्कल पुस्तकातून येत नाही. एकच पोर रोज पहाटे वर्षानुवर्षं डोळ्यांखालून गेल्यावरच ती येते. हौद्यातली मातीसुद्धा तशीच. ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती सतत खणावी लागते, नाहीतर दगडासारखी होते. याच मोतीबागेत घडलेले दादू चौगुले १९७० आणि ७१ साली महाराष्ट्र केसरी झाले, १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्य आणलं, आणि २००० साली त्यांचे चिरंजीव विनोद महाराष्ट्र केसरी झाले.

यावर कोणी म्हणेल, ही सगळी शाहू महाराजांची पुण्याई. राजाश्रय होता म्हणून कोल्हापूर, नव्हता म्हणून महाड कोरडं. या म्हणण्यात वजन आहे. महाराजांनी पैलवान पोसले, खासबाग मैदान बांधलं, ते नसतं तर पुनवतच्या पोराने कोल्हापूरची वाट धरलीच नसती. पण महाराज गेले १९२२ साली, संस्थान विलीन झालं १९४९ साली, आणि आंदळकरांची वर सांगितलेली बिरुदं सगळी त्यानंतरची आहेत. राजाने छप्पर दिलं. राजा गेल्यावर त्या छपराखाली दिवा लावत राहिले ते वस्ताद. महाड-पोलादपूरचा तरणा गडी मात्र पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेला, गिरणीत आणि गोदीत. गिरणगावच्या व्यायामशाळांत त्याने जोर-बैठका मारल्याच, पण गावाला तो यायचा शिमग्याला आणि गणपतीला. तेवढ्या सुट्टीत कबड्डीचा संघ जमतो, आणि रायगडात कबड्डी रुजलीही तशीच; पैलवान मात्र तेवढ्यात तयार होत नाही.

आता माती मागे पडली, मॅट आली, तेव्हा वस्तादाचं काय एवढं, असाही सवाल येतो. खरंच, मॅट कुठेही नेता येते; सावित्रीकाठच्या एखाद्या शाळेच्या सभागृहातही ती मावेल. पण आषाढाच्या झोडपत्या पावसात, वीज गेलेली असताना, पहाटे पाचला ती अंथरायला कोणीतरी रात्री पोलादपुरातच झोपलेलं असावं लागतं.