झांजेचा कल

आमच्या चर्चच्या गायकवृंदात ड्रमसेट आला तेव्हा मी मनातून नाराजच होतो. ऑर्गनखेरीज अन्य वाद्यांनाही, स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने, उपासनेत स्थान देता येईल असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली म्हटले, हे सेमिनरीत शिकलो होतो. परंतु शिकणे वेगळे आणि वेदीपासून दहा पावलांवर ती चकाकणारी काशाची तबके पाहणे वेगळे!

वाजवणारा मुलगा एकोणीस वर्षांचा. दिवसा वर्कशॉपमध्ये कामाला जाई. सेटमधली मोठी झांज त्याने स्वतःच्या पगारातून घेतली होती. तालमीपूर्वी अर्धा तास त्याची नुसती मांडामांड चाले. एक झांज आपल्याकडे झुकवी, दुसरी बोटभर खाली आणी, पुन्हा बसून हात लांबवून पाही. मला तो वेळेचा अपव्यय वाटे. शिवाय प्रत्येक आघातासरशी मोठी झांज डोलत राही. ते डोलणे मिस्सामध्ये माझ्या डोळ्यांना खटके. एका शनिवारी, चर्चमध्ये कोणी नसताना, मी साऱ्या झांजा जमिनीशी समांतर केल्या आणि वरचे नट घट्ट आवळले.

“फादर, हे कोणी हलवलं?”

“मी. आता असंच राहू दे.”

त्याने मान डोलावली.

काही महिन्यांनी त्या झांजेला भोकापासून तडा गेला. बैठकीत मंडळी म्हणाली, हा मुलगा बडवतोच फार. तो खाली मान घालून उभा राहिला. माझे नाव त्याने घेतले नाही. मीही घेतले नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावून विचारले, “खरे काय ते सांग.” तो संकोचून सांगू लागला. झांज आडवी आणि उंच असली की काठीचा दांडा कडेवर काटकोनात आदळतो. किंचित कललेली असली की काठी घसरून निघून जाते, नाद उमटतो आणि धातू वाचतो. तालाची झांज अशी हवी की कोपर अंगाजवळ राहून काठीचे टोक तिच्यावर सहज टेकावे. पायाने मिटणाऱ्या जोडझांजेतील खालची तर मुद्दाम थोडी तिरपी ठेवतात. नाहीतर दोहोंमध्ये हवा कोंडते. “आणि नट, फादर, झांज निसटणार नाही इतकाच फिरवायचा. तिच्या खाली-वर नमद्याची चकती असते ती याचसाठी. ऐंशी भाग तांबं आणि वीस भाग कथील. नाद गोड, पण जात ठिसूळ. डोलायला जागा दिली नाही, तर सगळा मार तिलाच सोसावा लागतो.”

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 13व्या अध्यायात प्रेमहीन माणसाला झांजेची उपमा आहे. त्यावर मी कितीतरी प्रवचने दिली. त्या बैठकीत ती झांज मीच होतो. फरक एवढाच, की वाजायला हवे होते तेव्हा मी वाजलोच नाही.

पुढच्या बैठकीत मी सारे सांगितले आणि नवी झांज माझ्या पैशांनी आणली. आता तालमीआधीचा तो अर्धा तास मी मागच्या बाकावर बसून असतो. तो झांज कलवतो, हात लांबवून पाहतो, पुन्हा कलवतो. मग पहिला आघात होतो आणि ती डोलू लागते. मी तिच्याकडे पाहत राहतो.