ब्रेसिंग म्हणजे काय रे भाऊ?

मराठीत 'टेकू' हा शब्द फार नशीबवान आहे. पेपर उघडला की कुठल्या ना कुठल्या सरकारला कोणीतरी बाहेरून टेकू दिलेलाच असतो. स्लॅब टाकताना खाली उभे करतात तेही टेकूच. वरून वजन येतं, खालून आधार द्यायचा... कोणालाही कळतं. पण वारा बाजूने ढकलायला लागला की जे तिरकं लोखंड सांगाडा धरून ठेवतं, त्याला आपल्या रोजच्या बोलण्यात धड नावच नाही. इंजिनीअर म्हणतो ब्रेसिंग, वेल्डिंगवाला म्हणतो क्रॉस, आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका म्हणाले, "म्हणजे दातांना लावतात ते का रे?"

विषय निघाला गच्चीवरच्या शेडवरून. नवीन पनवेलमध्ये राहणाऱ्यांना हे सांगायला नको. गळती सुरू झाली की गच्चीवर पत्रे चढतात. (परवानगीचं प्रकरण वेगळं, त्यात आज शिरत नाही.) फॅब्रिकेटरने साडेतीन लाखांचं कोटेशन दिलं. पाइपचे खांब, सहा कैच्या, पत्रे, आणि शेवटच्या ओळीत 'क्रॉस ब्रेसिंग - १८,००० रुपये'. मीटिंगमध्ये सगळ्यांची बोटं बरोब्बर त्याच ओळीवर. "कैच्या आहेत ना, मग अजून तिरकं कशाला?" माझी डिग्री सिव्हिलची, पोट मात्र जावावर चालतं. तरी सगळे माझ्याकडे बघायला लागले.

प्रश्न चुकीचा नव्हता. कैचीतही तिरके तुकडे असतातच. पण कैचीचं काम पत्र्याचं वजन दोन बाजूंच्या खांबांवर पोचवणं. आता सहा कैच्या एकामागे एक उभ्या केल्या म्हणजे काय झालं? शेल्फवर सहा पुस्तकं उभी ठेवली. पहिल्या पुस्तकाला बोट लावा, सगळी एकाच दिशेला कलतील. कैच्यांवरून आडव्या पट्ट्या जातात आणि त्यांना एकत्र बांधतात हे खरं, पण मग त्या सगळ्या एकत्र कलतात, एवढाच फरक!

काकांना मी आइस्क्रीमच्या चार काड्या आणि चार टाचण्या घेऊन चौकोन करून दाखवला. वरची काडी ढकलली की चौकोन लोळतो. एकही काडी मोडत नाही, फक्त कोन बदलतात. मग पाचवी काडी कर्णासारखी लावली. आता दोन त्रिकोण झाले, आणि बाजूची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. शाळेतली भूमिती. ब्रेसिंग म्हणजे एवढंच, तो कर्ण.

"मग एकच लाव ना, फुली कशाला?" हा पुढचा प्रश्न. (दर वाचला, म्हणजे काकांना विषय पटायला लागला होता.) बारीक अँगल ओढला तर भरपूर ताण सहन करतो, पण दाबला की मध्येच वाकतो. वारा आज इकडून, उद्या तिकडून. म्हणून फुली मारायची. एका दिशेने ढकललं की एक हात ताणला जातो आणि दुसरा आराम करतो, उलट वाऱ्यात ड्यूटी बदलते. आणि वारा पडलेला असेल तेव्हा दोघंही जवळपास बिनकामाचे. खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री यांच्यावरच का चालते, ते इथे कळतं. आमच्या धंद्यात ज्या रिलीजच्या आधी टेस्टिंगचे दिवस कापतात, तसंच.

पण वाऱ्याचा हिशोब वाईट असतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलं, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता, आणि श्रीवर्धनकडे घरांवरचे पत्रे कागदासारखे उडाले. पत्रा उचलला जाणं हे मुख्यतः हुक-बोल्टचं प्रकरण, ब्रेसिंगचं नव्हे. पण सांगाडाच हलत राहिला तर हुक तरी किती वेळ धरणार? आमच्या गच्चीच्या बरोबर खाली शाळेच्या रिक्षा उभ्या राहतात. हे बोललो तेव्हा मीटिंग पहिल्यांदा शांत झाली.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा आक्षेप मात्र मला सर्वांत आवडला. "कपडे कुठे वाळत घालायचे? आणि डोकं आपटेल त्याचं काय?" उत्तर सोपं होतं. फुली प्रत्येक गाळ्यात लागत नाही. दोन टोकांचे गाळे पक्के बांधले की मधले मोकळे राहू शकतात. चालायचं तिथे खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात छोटा तिरका तुकडा देता येतो, डोक्याच्या वर.

शेवटी १८,००० मंजूर झाले. मी दोन अटी घालायला लावल्या. एक, ड्रॉइंगवर स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही, कारण आइस्क्रीमच्या काड्यांवर शेड उभी राहत नाही. दुसरी, फुलीची टोकं नुसता टाका मारून सोडायची नाहीत, प्लेट लावून पूर्ण वेल्ड करायची. फॅब्रिकेटर म्हणाला, "साहेब, टाक्यावर पण राहतं." राहतं हो, रोज राहतं! स्कॉटलंडमधल्या टे नदीवरचा रेल्वेपूलही १८७८ पासून रोज उभाच होता. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात तो गाडीसकट नदीत गेला, गाडीतलं कोणीही वाचलं नाही. चौकशीत दोष निघाला तो खांबांमधल्या फुल्यांचा आणि त्या जिथे जोडल्या होत्या त्या जागांचा. लोखंडी खांबांना ओतीव कान होते, फुल्यांचे बोल्ट त्यांत बसवलेले, आणि ते कानच तुटले.

असो. कळंबोलीच्या उपकेंद्राकडे जाणारे विजेचे मनोरे आपण येताजाता बघतो. ते जवळजवळ निव्वळ ब्रेसिंगच आहेत, चार पाय आणि बाकी सगळं तिरकं. आणि देशात अनेक ठिकाणी या मनोऱ्यांचे खालचे अँगल चोर काढून भंगारात विकतात. दोन-चार अँगल गेले तरी मनोरा उभाच असतो, तारा लटकतात, वीज चालू, त्यामुळे जोराचं वादळ येईपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून आता खालच्या भागात साध्या पान्याने न सुटणारे बोल्ट बसवतात.