ओर्व्हिएतोला जाताना पिशवीत काय घ्याल?

मुलांनो, गडावर सहल निघाली की आदल्या रात्री तुम्ही दप्तर रिकामं करता आणि त्यात पाण्याची बाटली, टोपी, खाऊचा डबा कोंबता. हो ना? चला, आज एका दूरच्या सहलीची पिशवी भरू या. जायचंय इटलीतल्या ओर्व्हिएतोला!

रोमहून फ्लॉरेन्सकडे जाताना हे गाव लागतं. ज्वालामुखीच्या राखेतून तयार झालेल्या खडकाचा एक उंच डोंगर, चहूबाजूंनी तुटलेले कडे, आणि सपाट माथ्यावर सगळं गाव. स्टेशन मात्र पायथ्याशी! तिथून रुळांवरची एक छोटी गाडी दोराच्या ओढीने चढ चढते. १८८८ साली ती सुरू झाली, तेव्हा वरच्या डब्यात पाणी भरायचे. तो वजनाने खाली आला की खालचा डबा आपोआप वर! १९९० पासून ही गाडी विजेवर चालते.

आता पिशवी. पहिली गोष्ट म्हणजे ती पाठीवरची हवी. गल्ल्या अरुंद, चढउताराच्या आणि दगडी फरसबंदीच्या. चाकांची बॅग तिथे नुसती खडखडते.

दुसरी गोष्ट एक मोठी ओढणी. गावातल्या भव्य चर्चचं बांधकाम १२९० साली सुरू झालं. त्याच्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या दगडांचे पट्टे आहेत, जणू कुणी रेघांची वहीच उघडून ठेवली आहे! आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. ओढणी उन्हातही कामी येते.

तिसरी गोष्ट स्वेटर. उन्हाळ्यातसुद्धा? हो, कारण गावाच्या पोटात माणसांनी खोदलेल्या शेकडो गुहा आहेत. काहींच्या भिंतींत कबुतरांसाठी केलेले चौकोनी कोनाडे दिसतात. वर ऊन असलं तरी आत गारवा!

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे न घसरणारे बूट. हे मी चूक करून शिकले, म्हणून सांगते.

माझा भाऊ नोकरीनिमित्त रोमला होता, तेव्हा मी आईला घेऊन गेले होते. भावासाठी लाडू, चिवडा, मेतकूट असे इतके डबे भरले, की आईचे कॅनव्हासचे बूट मावेनात. म्हटलं, राहू देत, चपला आहेत की!

ओर्व्हिएतोत एक प्रसिद्ध विहीर आहे. १५२७ साली रोम लुटलं गेलं, तेव्हा पोप सातवे क्लेमेंट इथे आश्रयाला आले. गावाला वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं? म्हणून त्यांनी अंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुविशारदाकडून ही विहीर बांधून घेतली. १५३७ साली काम पूर्ण झालं. खोली सुमारे ५३ मीटर! आत गोल फिरत जाणारे दोन जिने, प्रत्येकाला २४८ पायऱ्या. खेचरं एका जिन्याने उतरायची, पाणी घेऊन दुसऱ्याने चढायची. वाटेत टक्कर नाहीच! पेन्सिलीवर समोरासमोर दोन रंगांचे दोरे धरून गुंडाळून पाहा, म्हणजे युक्ती कळेल.

आईचं बालपण गावच्या विहिरीवरून पाणी वाहण्यात गेलेलं. ही विहीर बघायची तिला केवढी हौस! पण पायऱ्या ओलसर. दुसऱ्याच पायरीवर तिची चप्पल सरकली. भिंतीला धरून ती थांबली आणि म्हणाली, "तू जा, मला येऊन सांग."

मी एकटीच उतरले. तळाशी छोट्या पुलावरून वर पाहिलं, तर आभाळ नाण्याएवढं दिसत होतं. वर आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी गार होतं का गं?" मला सांगता आलं नाही. मी हात लावलाच नव्हता. आईने लावला असता.

परतलो तेव्हा भावाकडे निम्मे डबे तसेच भरलेले होते.

म्हणून मुलांनो, पाण्याची बाटली, टोपी, वही-पेन्सिल घ्याच. पण पिशवी भरण्याआधी एक विचारा, आपण कुठे कुठे चालणार आहोत? आणि आजी सोबत येणार असेल, तर तिचे बूट सगळ्यांत आधी भरा. खाऊ उरलेल्या जागेत!