चिखलीची भुकटी, खारघरची प्लेट

स्तनाच्या कर्करोगाचा सर्वांत आडमुठा प्रकार म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह. त्याच्या पेशींत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनचे ग्राही (रिसेप्टर) नसतात, हर-टू प्रथिनाचा अतिरेकही नसतो. त्यामुळे टॅमॉक्सिफेन, ट्रास्टुझुमॅब ही औषधे तिथे निकामी ठरतात. नवी संयुगे अनेकदा याच जातीच्या एमडीए-एमबी-२३१ पेशींवर तपासतात. ह्यूस्टनमधल्या ५१ वर्षांच्या एका रुग्णबाईच्या छातीत साठलेल्या पाण्यातून १९७३च्या सुमारास वेगळ्या केलेल्या या पेशी आजही वाढतच आहेत.

बुलढाणा जिल्ह्यात चिखली, मलकापूर येथे फार्मसी महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी संयुग बनवता येते, शुद्धही करता येते. पण पेशी जगवायच्या तर ३७ अंशांचा, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर अखंड चालावा लागतो, आणि भारनियमन पेशींना कळत नाही. म्हणून संयुगाची भुकटीच प्रवासाला निघते. चाचणीची सोय टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात आहे.

तिथे ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी सुमारे ५,००० पेशी दिवसभर स्थिरावू देतात. मग संयुग मिलिलिटरमागे १०, २०, ४० आणि ८० मायक्रोग्रॅम या मात्रांत ४८ तास ठेवतात. शेवटी आम्लाने पेशी जागीच घट्ट करून सल्फोऱ्होडामाइन-बी हा गुलाबी रंग देतात. तो प्रथिनांना चिकटतो. रंग कमी, म्हणजे पेशी कमी. वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा म्हणजे जीआय-५०. शुद्ध संयुगासाठी ती १० मायक्रोग्रॅमच्या आत आली, तरच ते क्रियाशील धरतात. तुलनेला शेजारच्या खळग्यांत ॲड्रियामायसिन हे कर्करोगावरचे औषध असते.

फसगत होते ती भुकटी विरघळवताना. डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये छान विरघळलेले संयुग पोषक द्रावणात पडताच स्फटिक होऊन तळाशी बसते. मग लिहिलेली मात्रा पेशींपर्यंत पोचलेलीच नसते. हा द्रावक जास्त झाला तर तोच पेशी मारतो, म्हणून नुसत्या द्रावकाचे खळगे हवेतच. पेशींची ओळखही तपासावी लागते. एमडीए-एमबी-४३५ या पेशी कित्येक वर्षे स्तनकर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या आणि मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या, निघाल्या! त्या जोरावर छापलेल्या निबंधांचे काय, हा प्रश्न उरतोच. अधिकृत भांडारातून, उदाहरणार्थ पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून, पेशी घेण्याचे कारण हेच.

आणि कर्करोगाच्या पेशी तर विषानेही मरतात. तेच संयुग निरोगी पेशींवर तपासलेले नसेल, तर जीआय-५०चा आकडा कितीही लहान असो, अहवाल अर्धाच समजावा.