सगळ्या रकान्यांत ‘पास’

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही चौघे शेवटच्या वर्षाच्या एका प्रोजेक्टवर होतो. रिपोर्टात टेस्टिंगचे प्रकरण लागतेच. सबमिशनच्या आदल्या रात्री आम्ही ते सीनियरच्या रिपोर्टावरून उतरवले. बावीस टेस्ट केस, बावीसही ‘पास’. एकही चालवून पाहिली नव्हती. गाईडची सही झाली, एक्स्टर्नलने पाने उलटली, मार्क पडले.

प्रोजेक्ट होता शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणाऱ्या वेबसाइटचा. आणि त्याच वर्षी आमच्यातलाच एकजण शिष्यवृत्तीला मुकला होता. जातप्रमाणपत्रावर आणि मार्कशीटवर त्याच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक! तरी ती केस आमच्या बावीसांत नव्हती. मग दोष एकट्या कॉलेजचा कसा म्हणायचा?

पण शिकवले काय जाते, तेही पाहा. व्हाइट बॉक्स, ब्लॅक बॉक्सच्या व्याख्या आणि ग्लेनफर्ड मायर्सच्या १९७९ च्या पुस्तकातला त्रिकोणाचा प्रश्न. प्रश्न चांगलाच आहे. पण आमच्या पोरांपुढे अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची २,५०,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा का ठेवू नये? २,४९,९९९, २,५०,००० आणि २,५०,००१ टाकून बघा. नियम म्हणतो, मर्यादेपेक्षा जास्त नको. प्रोग्रामरने ‘तेवढे किंवा कमी’ऐवजी नुसते ‘कमी’ लिहिले, की बरोबर अडीच लाखांचा दाखला असलेले घर बाद. एका चिन्हापायी पोराचे वर्ष जाते.

जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी तीन सॉफ्टवेअर तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के, काळ्या-सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. ही सॉफ्टवेअर बाजारात आली, तेव्हा ती कोणाचे चेहरे घेऊन तपासली होती?

म्हणून आमची मागणी साधी आहे. एका गटाचे प्रोजेक्ट दुसऱ्या गटाने मोडून दाखवावे, तेही पहिल्या सत्रापासून, आणि मार्क सापडलेल्या चुकांना द्यावेत. वेळ नाही म्हणतात. पीपीटीच्या रंगीत तालमीला बरा मिळतो!

तोवर आम्ही दर रविवारी ज्युनिअर मुलांना घेऊन बसतो. आमचीच जुनी साइट त्यांच्यापुढे ठेवली. एका मुलीने पालकाच्या रकान्यात आजीचे नाव टाकले, नुसते नाव, आडनाव नाही. साइटने अर्ज घेतलाच नाही. तिने वहीत लिहिले, ‘फेल’.