दुसरी मोटर

"दुसरी मोटर" म्हटलं की आमच्या बाबांना विहिरीवरचा पंप आठवतो. सध्या घरात वाद चाललाय तो मात्र गाडीतल्या मोटरीचा. इलेक्ट्रिक गाडी घ्यायची हे ठरलंय, कुठली तेही ठरलंय: टाटांची हॅरियर ईव्ही. अडलंय एवढंच, की फक्त मागची चाकं फिरवणारी एका मोटरीची घ्यायची, की पुढच्या चाकांना आणखी एक मोटर असलेली. जून २०२५ मध्ये गाडी आली तेव्हा मोठ्या बॅटरीच्या वरच्या मॉडेलमध्ये या दोघींच्या किमतीत दीड लाखाचा फरक होता. २७.४९ लाख आणि २८.९९ लाख.

ऑफिसातला मित्र म्हणाला, "दोन मोटरी म्हणजे बॅटरी दुप्पट खाणार." ऐकायला पटतं, पण तसं नसतं हो. ताशी ऐंशीने जायला किती शक्ती लागते ते हवेचा विरोध आणि टायर ठरवतात, मोटरींची संख्या नाही. जास्तीचा खर्च होतो तो वजनाचा, आणि रिकाम्या फिरणाऱ्या मोटरीचा. इथेच खरी गंमत आहे. कायमचुंबक असलेली मोटर नुसती फिरवली तरी चाकाला मागे ओढते. इंडक्शन मोटरमध्ये कायमचुंबक नसतोच. वीज तोडली की ती गुमान चाकाबरोबर फिरत राहते. म्हणून या गाडीत मागे कायमचुंबकवाली आणि पुढे इंडक्शन. स्टँडबाय सर्व्हर म्हणा ना, लोड आला की जागा होणारा. कागदावरची रेंज ६२७ ची ६२२ किलोमीटर होते, बस्स! (हे आकडे एमआयडीसीचे. भोसरीची नव्हे, मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल. प्रत्यक्ष रस्त्यावर बरेच कमी धरा.) टेस्लाने २०१४ मध्ये मॉडेल एसला दुसरी मोटर लावली तेव्हा तर उलटंच झालं. अमेरिकेतल्या सरकारी चाचणीत रेंज २६५ मैलांवरून २७० वर गेली, कारण ज्या क्षणी जी मोटर कमी तोट्यात चालते तिच्याकडे काम सोपवता येतं.

मग दीड लाख कशाचे? कंपनी म्हणते, ६.३ सेकंदांत शून्य ते शंभर. सिंहगड रोडवर मला शंभर कोण करू देतंय :-) आणि "पावसात सेफ" हे जे सगळे सांगतात, त्यात अर्धा घोळ आहे. ब्रेक दोन्ही गाड्यांना चारही चाकांवरच असतात. ओल्या रस्त्यावर थांबायचं असेल तर टायर चांगले हवेत. दुसरी मोटर सुटायला मदत करते, थांबायला नाही.

पण आम्हाला सुटायचंच तर आहे! राजापूरजवळच्या आमच्या घरापर्यंत शेवटची दोनशे फूट घाटी आहे. लाल माती, जांभा आणि जुलैत त्यावर शेवाळ. चढावर गाडीचं वजन मागे कलतं, त्यामुळे मागच्या चाकांवर चालणारी गाडी तशी बरी. तरीही पुढच्या चाकांवर उरलेलं वजन फुकट जातं. दोन मोटरी असल्या की तेही कामाला लागतं. बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे बदललेले. गेली तीन वर्षं पावसाळ्यात ते गावी गेलेले नाहीत. भातलावणी फोनवर ऐकतात.

म्हणून मी हिशोब मांडला. दीड लाख भागिले दोनशे फूट, म्हणजे फुटाला साडेसातशे रुपये. बाबांनी सगळं, अगदी इंडक्शनसकट, शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेवढ्यात घाटीला काँक्रीट होणार नाही का? तात्यांच्या दारातही रिक्षा येईल मग."

यावर माझ्याकडे टेक्निकल उत्तर नाही. एवढंच सांगितलं की घाटीची निम्मी जागा भावकीची आहे, पाच घरांच्या सह्या लागतील, त्यातलं एक घर आपल्याशी बोलत नाही. त्यापेक्षा मोटर सोपी.

बाबा उद्या त्या घराला पत्र लिहायला बसणार आहेत. शोरूमवाल्याला मी पुढच्या शनिवारपर्यंत थांबायला सांगितलंय.